आजोबांचा पितळी बिल्ला आणि लायन गेटच्या भिंतीमागची मुंबई

पावसाळी_बेडूक

नमस्कार मंडळी, बरेच वर्ष नुसता वाचतोय इथे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात लालबागची खोली रिकामी केली, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. माळ्यावर आजोबांची (आईचे वडील) पत्र्याची ट्रंक निघाली. आत दोन धोतरं, देवगडच्या जमिनीचे कागद, वाळवीने खाल्लेली पोथी आणि रुमालात बांधलेला एक पितळी बिल्ला. गोल, पाच रुपयाच्या जुन्या जाड नाण्यापेक्षा बराच मोठा, वर एक भोक, मधे चार आकडी नंबर ठोकलेला. वरची अक्षरं झिजलीत, वाचता येत नाहीत. मागच्या बाजूला कुणीतरी खिळ्याने ओरखाडल्यासारखी खूण केलीय, एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन उभ्या.

आजोबा नेव्हल डॉकयार्डात होते एवढंच माहिती. १९४२ की ४३ ला चिकटले, लढाई चालू होती तेव्हा भरती जोरात होती म्हणे, आणि १९८० च्या आसपास रिटायर झाले. आत नक्की काय करायचे ते कधी कुणी विचारलंच नाही, आता विचारायला कुणी उरलं नाही. आई म्हणते "बोटीखाली काम करायचे". बोटीखाली म्हणजे काय??

माझं ऑफिस फोर्टात आहे, रोज त्या लायन गेटसमोरून जातो, दोन दगडी सिंह, आत शिपाई, आणि पुढे ती लांबच्या लांब भिंत. चाळीस वर्ष मुंबईत राहून मला कधी जाणवलंच नाही की त्या भिंतीच्या पलीकडे लगेच समुद्र आहे. आपला माणूस समुद्र बघायला मरीन ड्राईव्हला जातो, आणि ज्या समुद्रामुळे हे शहर झालं तो इकडे पूर्वेला, दिसतच नाही. तर प्रश्न दोन, हा बिल्ला कसला, आणि हे डॉकयार्ड किती जुनं, शहराशी त्याचा संबंध काय, कुणाला माहिती असेल तर लिहा.

उगाच_एक

डॉकयार्ड म्हणजे डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून ना? माझा मामा तिथे होता, १९४४ चा स्फोट तिथेच झाला, सोन्याच्या विटा उडाल्या होत्या.

बाकी ते अमेरिकेचं राष्ट्रगीत पण मुंबईत बांधलेल्या जहाजावर बसून लिहिलंय म्हणतात, व्हॉट्सअपवर आलं होतं. अभिमान वाटला वाचून.

सागवान

उगाच_एक, एका प्रतिसादात तीन जागांची भेळ केलीत :) आधी ती निस्तरतो, कारण हा घोळ निम्म्या मुंबईचा आहे.

नेव्हल डॉकयार्ड फोर्टात. व्हीटीला उतरायचं आणि चालत लायन गेट. डॉकयार्ड रोड स्टेशन हार्बर लाईनवर, ते माझगाव डॉकसाठी, तिथे नवीन युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात, पी अँड ओ वगैरे बोट कंपन्यांची होती ती जागा, सरकारने १९६० ला घेतली. आणि १९४४ चा स्फोट झाला व्हिक्टोरिया डॉकमध्ये, ती पोर्ट ट्रस्टची गोदी, मालवाहू जहाजांची. १४ एप्रिल, फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात तेराशे-चौदाशे टन दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोनं, असलं कॉम्बिनेशन एका जहाजात. दुपारी चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यासाठी. सोन्याच्या विटा खऱ्याच उडाल्या होत्या, तेवढं तुमच्या मामांचं बरोबर.

"गोदी कामगार" म्हटलं की ते पोर्ट ट्रस्टवाले. नेव्हीवाले स्वतःला "डॉकयार्डवाले" म्हणतात, गोदी कामगार म्हटलेलं त्यांना आवडत नाही, करून बघा.

राष्ट्रगीताचं सांगतो. मिंडेन नावाची ७४ तोफांची युद्धनौका मुंबईत बांधली, १८१० ला पाण्यात गेली, हे शंभर टक्के खरं. पुढे ती अमेरिकेच्या किनाऱ्यावर होती आणि कुणी फ्रान्सिस स्कॉट की याने तिच्यावरून ते गाणं लिहिलं अशी गोष्ट सांगतात. पण तो कैदी सोडवायला तहाच्या बोटीतून गेला होता आणि १८१४ च्या त्या रात्री त्याच अमेरिकन बोटीवर होता असंच बहुतेक इतिहासकार धरतात. मिंडेनवर असल्याचा पक्का पुरावा नाही. तेव्हा अभिमान ठेवा पण फॉरवर्ड करू नका, अभिमान वाटायला खऱ्या गोष्टी खूप आहेत.

आता मूळ प्रश्न. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं आधी सुरतेला बांधायचे. मुंबईत खाडी चांगली, बंदर खोल आणि आडोशाचं, पण कारागीर नाहीत. आणि इकडे कोकण किनाऱ्यावर आंग्रे, खाली जंजिऱ्याला सिद्दी, म्हणजे जहाजांशिवाय कंपनीचा निभाव लागणं कठीण (शाळेत आपल्याला कान्होजींची बाजू शिकवतात, पण मुंबईचं डॉकयार्ड उभं राहायला त्यांचाही हातभार आहे असं माझं आपलं मत, शत्रू तगडा असला की कारखाने निघतात). तर १७३६ ला लवजी नसरवानजी हा पारशी सुतार सुरतेहून दहाएक सुतार घेऊन मुंबईत आला. वाडिया हे आडनावच मुळात जहाज बांधणाऱ्याचं. १७५० ला पहिली सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी काढून टाकायचं आणि तळाचं काम करायचं अशी जागा) तयार झाली, आशियातली पहिली म्हणतात, पुढच्या पंधरा वर्षात आणखी दोन.

ही जागाच का, ते आपल्या कोकणातल्या लोकांना पटकन कळेल. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. पंप नसलेल्या काळात सुकी गोदी चालवायची तर समुद्रालाच कामाला लावायचं, भरतीला दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की पाणी आपोआप बाहेर, मग दरवाजा बंद. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसात पाणी तेवढं चढतच नाही, मग मोठं जहाज अमावस्या-पुनवेची वाट बघत बाहेर. म्हणजे इंग्रजांच्या आरमाराचं वेळापत्रक आपल्या पंचांगाप्रमाणे चालायचं, हाहा.

मग नेपोलियनची लढाई आली, इंग्लंडात ओकचं लाकूड संपत आलं आणि मुंबईकडे मलबारचं सागवान. सागवानाची मजा अशी की त्यात तेल असतं, किडा लागत नाही, खिळ्याभोवती गंजाने कुजत नाही, आणि तोफगोळा लागला तर ओकसारख्या धारदार ढलप्या उडत नाहीत, तेव्हा लढाईत गोळ्यापेक्षा ढलप्यांनीच माणसं जास्त मरायची. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी, त्याने मिंडेन बांधली आणि मग ओळच लागली. कॉर्नवॉलिस १८१३, हिच्यावर १८४२ ला नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांना मिळालं ते मुंबईच्या लाकडावर बसून. वेलस्ली १८१५, ती तर १९४० ला थेम्स नदीत जर्मन विमानांनी बुडवली. सव्वाशे वर्षाचं लाकडी जहाज, हिटलरच्या बाँबने! शत्रूने बुडवलेली शिडाची ती शेवटची मोठी युद्धनौका. कॉर्नवॉलिस बिचारी म्हातारपणी धक्का म्हणून वापरली आणि १९५७ ला मोडली.

जहाजाच्या कण्याला चांदीचा खिळा ठोकायचा पारशी विधी असायचा. आणि हे सगळं कुठे, तर तुमच्या त्या भिंतीमागे. १८१० ला पुरी झालेली डंकन डॉक अजून तिथेच आहे.

टीसाईडचा_पाहुणा

सागवान यांनी लिहिलंय त्यात एक राहिलं म्हणून लॉगिन केलं. मी मूळ डोंबिवलीचा, सध्या इंग्लंडच्या ईशान्येला राहतो. इथे जवळच हार्टलपूल म्हणून बंदर आहे, तिथे एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे. उभी म्हणजे तरंगते आहे. ब्रिटनची तरंगत असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका (व्हिक्टरी तिच्याहून जुनी पण ती सुक्या गोदीत). ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात सोडली.

मी गेलो होतो ते पोरांना सुट्टीत कुठेतरी न्यायचं म्हणून, काही माहिती नव्हती. तिकीट काढलं, वर गेलो, जहाजाच्या नाकावर पगडीवाला माणसाचा पुतळा, म्हटलं हा इथे कसा. आणि मग पाटीवर बॉम्बे वाचलं, वाडिया वाचलं. खालच्या डेकवर छत इतकं बुटकं की मी पूर्ण वेळ वाकून चालत होतो, आणि बाजूच्या फळीवर हात ठेवला तर बाहेर चार डिग्री आणि तरी ते लाकूड हाताला गार लागलं नाही, आमच्या डोंबिवलीच्या घरच्या जुन्या पाटासारखं लागलं अगदी. पोरगी म्हणाली बाबा तू भिंतीला काय चिकटलास.

हिची एक गोष्ट भारी आहे. हिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला जावा नावाच्या जहाजातून पाठवले होते, ते जहाज डिसेंबर १८१२ ला अमेरिकनांनी पकडलं, नकाशे गेले. परत दुसरी प्रत पाठवली, म्हणून उशीर. जहाज तयार झालं तोवर नेपोलियनची लढाई संपून गेली होती, म्हणजे घाईघाईने ऑर्डर दिलेली वस्तू कामाची वेळ टळल्यावर आली, पण बहुधा म्हणूनच टिकली. पुढे कितीतरी वर्ष ती पोरांना खलाशीकाम शिकवायला वापरली आणि मग १९८७ ला इकडे आणून दुरुस्त केली.

मुंबईत मात्र वाडियांच्या जहाजाचा एक तुकडासुद्धा आपल्याला हात लावायला मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

प्लेटर_रिटायर्ड

बेडूकराव (नाव असं का घेतलंत हो), तुमच्या आजोबांचा बिल्ला वाचून जेवण अर्धं टाकून लिहायला बसलो, सौ. ओरडतेय. मी १९७४ ला अप्रेंटिस म्हणून आत गेलो, २०११ ला प्लेटर शॉपमधून (जहाजाचे लोखंडी पत्रे घडवायचं खातं) बाहेर. आत कुठे काय आहे ते लिहिणार नाही, लिहू पण नये, पण जुन्या गोष्टी सांगायला हरकत नाही.

बिल्ला म्हणजे हजेरी. आमच्या सुरुवातीच्या काळात शॉपच्या दाराशी लाकडी फळा असायचा, त्याला खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. सकाळी आलं की आपला बिल्ला उचलायचा, सुटताना परत अडकवायचा, वेळ टळली की टाईमकीपर फळा बंद करणार, मग लेट. तुम्ही कितीही वर्ष काम करा तिथे तुमचं नाव म्हणजे तो नंबर. मला अजून माझा नंबर झोपेत विचारा, मोबाईल नंबर मात्र बायकोला विचारून सांगतो.

मागच्या रेघा कंपनीच्या नाहीत. ती तुमच्या आजोबांनी स्वतः केलेली खूण. जुन्या पिढीत खूप जणांना अक्षरओळख नव्हती, आकडे पण सगळ्यांना यायचे नाहीत, आणि सकाळच्या गर्दीत फळ्यावर दोनशे बिल्ले, सगळे सारखे. मग खिळ्याने मागे खूण करायची आणि अंगठ्याने चाचपायचं. न बघता कळतं. आमच्या शॉपला एक म्हातारे होते त्यांची खूण फुली होती, एकाचा मासा होता.

"बोटीखाली काम" म्हणजे डॉकिंग पार्टी असणार किंवा शिपराईटच्या (जहाजाच्या सुताराच्या) हाताखाली मेट, म्हणजे मदतनीस. समजावून सांगतो. जहाज सुक्या गोदीत घ्यायच्या आधी रिकाम्या गोदीच्या तळाशी लाकडी ठोकळे मांडतात, एका ओळीत, जहाजाच्या तळाचा जसा आकार तशी प्रत्येकाची उंची, नकाशा बघून, सूत लावून. मग पाणी भरतात, जहाज आत ओढतात, मागे कॅसन लावतात, म्हणजे तरंगता दरवाजा, त्याच्या पोटात पाणी भरलं की तो खाचेत बसतो. मग पंप चालू. पाणी उतरत जातं आणि हजारो टनाचं धूड हळूहळू त्या ठोकळ्यांवर टेकतं. त्या वेळेला कुणी बोलत नाही, एरवी डॉकयार्डात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, पण तेव्हा फक्त पंपाचा आवाज आणि डॉकमास्तरची शिट्टी. लाकूड करकरतं. एक ठोकळा चुकीचा असला तर काय होईल ते प्रत्येकाला माहिती असतं. टेकलं की मग खाली उतरायचं, गुडघाभर चिखल, मासे तडफडत असतात त्यात (ते कुठे जातात विचारू नका, संध्याकाळी बऱ्याच पिशव्या जड असायच्या) आणि डोक्यावर हातभर अंतरावर ते जहाज. तळाला शेवाळ, शिंपल्यांचे थर, ते खरवडायचं. पावसाळ्यात वास असा की लोकलमध्ये आपोआप बसायला जागा मिळायची.

तुमच्या आईने "बोटीखाली" म्हटलं ते अगदी बरोबर म्हटलं.

एकच गोष्ट खटकतेय. रिटायर होताना बिल्ला जमा करावा लागायचा, त्याशिवाय हिशोब होत नसे. मग हा तुमच्या ट्रंकेत कसा? विचारा आईला.

हार्बरवाली

काका काय लिहिलंय, अंगावर काटा आला.

माझे बाबा पण डॉकयार्डवाले, आम्ही कांजूरमार्गच्या नेव्हल सिव्हिलियन कॉलनीत वाढलो. सगळ्यांचे बाबा एकाच ठिकाणी, त्यामुळे कुणाच्या घरी ओटी (ओव्हरटाईम) मिळतोय कुणाच्या नाही ते वाण्याला पण माहिती. सगळ्या बाबांचा आवाज मोठा. आमच्या घरी फोन आला की बाबा उचलायचे आणि समोरचा माणूस म्हणायचा "रागावू नका, नंतर करतो". गणपतीला मखर म्हणजे काय विचारूच नका, सुतार, वेल्डर, पेंटर, इलेक्ट्रिशियन सगळे एकाच बिल्डिंगमध्ये, एका वर्षी विक्रांतची प्रतिकृती केलेली, डेकवर विमान वर-खाली व्हायचं आणि गणपती तिच्यावर, भटजी म्हणाले पूजा कुठून करू.

बाबा १९७१ च्या गोष्टी सांगायचे. तेव्हा नवीनच लागले होते. शहरात ब्लॅकआऊट, खिडक्यांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि व्हीटीहून अंधारात चाचपडत गेटपर्यंत. ४ डिसेंबरला कराचीवर हल्ला केला त्या मिसाईल बोटी, निपात, निर्घात, वीर, त्या मुळात किनारा राखायला घेतलेल्या छोट्या बोटी, लांब जाणाऱ्या नव्हेतच. रशियातून आल्या तेव्हा मुंबईत त्या उतरवायला तेवढी मोठी क्रेन नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि समुद्रातून ओढत अख्ख्या देशाला वळसा घालून मुंबईला आणल्या. हे ऐकून मला तेव्हा फार हसू यायचं. पण बाबा तिथवर आले की थांबायचे, कारण पुढची गोष्ट आपल्या खुकरी युद्धनौकेची. ९ डिसेंबर, दीवजवळ, पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. बाबा म्हणायचे डॉकयार्डवाल्याला जहाज नाव म्हणून लक्षात नसतं, कुठला व्हॉल्व्ह घट्ट आहे, कुठल्या शिडीची तिसरी पायरी वाकलीय असं लक्षात असतं, आणि तिथे काम करताना चहा पाजणारा खलाशी. ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो, गेटवेला बँड वाजतो, सगळे बघायला जायचे, बाबा कधी आले नाहीत.

गिरणगाव_जुना

१९४२-४३ ला लागले म्हणजे धागाकर्त्याच्या आजोबांनी ४६ चं बंड आतून नाहीतर गेटाबाहेरून तरी पाहिलंच असणार, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१८ फेब्रुवारी १९४६, कुलाब्याला तलवार नावाचं सिग्नल शिकवायचं नेव्हीचं केंद्र, तिथल्या पोरांनी जेवणावरून संप केला. जेवण निमित्त, गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या, पगारातला फरक, सगळंच साठलं होतं. दोन दिवसात बंदरातल्या जहाजांवर पसरलं, युनियन जॅक उतरवले आणि काँग्रेस, लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र लावले, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला गोळीबार. कॅसल बॅरॅक्स म्हणजे आताचं आयएनएस आंग्रे, टाऊन हॉलच्या मागे. गंमत बघा, जिथे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल होता त्याच जागेला आज आंग्र्यांचं नाव!

जहाजावरच्या पोरांचं अन्न-पाणी तोडलं तर लोक गेटवेला डबे, पाव, फळं घेऊन गेले, हॉटेलवाल्यांनी पण दिलं. २२ ला कामगारांनी शहर बंद केलं आणि मग आमच्या भागात गोळीबार. परळला कमल दोंदे गेल्या. दोन दिवसात दोनशेच्या वर माणसं मेली, त्यातले बहुतेक नाविक नव्हते, साधी गिरणगावातली माणसं होती. २३ ला नाविकांनी शरणागती पत्करली, पटेलांनी समजूत घातली वगैरे, तो वाद इथे नको.

माझी आजी सांगायची, समोरच्या खोलीतला डॉकयार्डवाला दोन दिवस घरी आला नाही आणि तिसऱ्या दिवशी आला तो कपडे तसेच, चेहरा काळा, आणि काही न बोलता नळावर जाऊन अर्धा तास बसला. मोरीत नाही, सार्वजनिक नळावर. कुणी त्याला उठवलं नाही, बायका हंडे घेऊन थांबल्या.

उगाच_एक

सागवान, चूक मान्य. फॉरवर्ड डिलीट केला.

पण एक बोलू का, एवढी मोक्याची जागा, फोर्टात, समुद्राला लागून, शहराच्या मध्यात अजून कशाला अडवून ठेवायची? डॉकयार्ड कुठेतरी लांब न्या आणि लोकांना प्रोमेनेड करून द्या. सगळ्या जगात करतात.

सागवान

सगळ्या जगात जुनी, बंद पडलेली डॉकयार्डं मोकळी करतात. हे चालू आहे हो. २०१९ ला विमानवाहू नौकेसाठी नवीन सुकी गोदी इथेच झाली, २८१ मीटर लांब, दोन क्रिकेटची मैदानं ओळीत लावा तशी. जानेवारी २०२५ ला सूरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी इथे नौदलात आल्या, त्या बांधल्या माझगावला. आणि तुमचं प्रोमेनेड झालं की पहिल्या वर्षी वॉकिंग ट्रॅक, दुसऱ्या वर्षी फूड कोर्ट, तिसऱ्या वर्षी टॉवर. त्यापेक्षा भिंत परवडली. सुरक्षेचं तर बोलायलाच नको, २००८ नंतर.

पण टीसाईडवाल्यांच्या मुद्द्याशी सहमत. विक्रांतचं काय केलं आपण? १९६१ ला मुंबईत आली, १९९७ ला निवृत्त, मग काही वर्ष म्युझियम म्हणून तरंगत ठेवली, मी दोनदा बघितली. शेवटी २०१४ ला भंगारात काढली, दारूखान्याला तोडली. दारूखाना म्हणजे जिथे कंपनीचा तोफांच्या दारूचा साठा असायचा ती जागा, तिथेच गॅस कटरने. तिचं थोडं लोखंड एका मोटरसायकलमध्ये घातलं, बजाज व्ही, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे आहे. ब्रिटिशांनी मुंबईचं लाकूड दोनशे वर्ष जपलं आणि आपण आपलं लोखंड वीस वर्षही नाही, त्याच्यावर काय बोलणार.

बेडूक, भिंतीपलीकडे बघायचं असेल तर दोन उपाय. गेटवेहून एलिफंटाची लाँच पकडा, वरच्या डेकचे थोडे पैसे जास्त घेतात ते द्या, आणि निघाल्या निघाल्या डाव्या हाताला बघा, करड्या रंगाच्या बोटी एकीला एक लागून. फोटो काढू नका, लाँचवाला ओरडतो आणि बरोबर ओरडतो. दुसरं, डॉकयार्ड रोडला उतरून भंडारवाड्याच्या टेकडीवर बॅप्टिस्टा गार्डन आहे, तिथून माझगाव डॉकच्या क्रेन आणि बांधायला घेतलेल्या बोटी दिसतात. संध्याकाळी जा, म्हातारे बसलेले असतात, त्यातले निम्मे रिटायर्ड असतात. नुसतं "ही कुठली बोट" एवढं विचारायचं.

पावसाळी_बेडूक

सगळ्यांचे आभार, मी काय अपेक्षा केली होती आणि काय मिळालं. प्लेटर काका, काल आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "मासे" ऐकून ती हसायलाच लागली, म्हणाली दर पावसाळ्यात एक-दोनदा कापडी पिशवीतून यायचे, आणि आज्जी नाक मुरडायची की ग्रीसचा वास येतो, तरी करायची.

आणि बिल्ल्याचं कोडं सुटलं. आईला आठवतंय, ती सातवी-आठवीत असताना आजोबांचा बिल्ला हरवला होता. संध्याकाळी फळ्यावर लावायला गेले तर खिशात नाही. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं, मग दंड भरला आणि नवीन बिल्ला मिळाला. चार-पाच महिन्यांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीचं अस्तर फाटलं ते आज्जी शिवायला बसली तर आत हा! आज्जी म्हणाली उद्या नेऊन परत करा, पैसे मिळतील. आजोबा म्हणाले "दंड भरलाय, आता हा माझा." आणि रुमालात बांधून ट्रंकेत टाकला.

त्यांना लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं हेही खरं, सहीपुरतं. एक आडवी रेघ आणि तीन उभ्या म्हणजे काय असेल? आई म्हणते तीन मुली म्हणून. मामा म्हणतो देवळाची पायरी आणि खांब. मला तर काकांनी लिहिलं ते वाचल्यापासून ठोकळ्यांवर ठेवलेली बोटच दिसतेय, उलटी धरली की.

रविवारी आईला घेऊन एलिफंटाच्या लाँचमध्ये बसतोय. बिल्ला खूप काळा पडलाय, ब्रासो लावून चकचकीत करून फ्रेम करू का?

प्लेटर_रिटायर्ड

ब्रासो अजिबात लावू नका!! ओरखाडा आधीच उथळ आहे, घासलात तर पहिली ती खूण जाईल, नंबर राहील. नुसत्या कोरड्या कपड्याने पुसा. आणि फ्रेम करायचीच असेल तर पाठ वर करून करा.

लाँचमध्ये डाव्या बाजूला बसा, आईंना खिडकीची जागा द्या, परतताना ऊन तोंडावर येतं.

हार्बरवाली

मी पण येऊ का रविवारी? बाबांना घेऊन. ते नाही म्हणतील पण विचारून बघते.

पावसाळी_बेडूक

ताई नक्की या, साडेनऊला गेटवे, तिकिटाच्या टपरीपाशी. आईच्या हातात निळी कापडी पिशवी असेल.

उगाच_एक

मासे आणणार का पिशवीतून

प्लेटर_रिटायर्ड

हाहाहा. मी पण येतो मग.